सीसी किती ते नंतर, आधी गाडी कुठे चालवणार ते सांगा: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये निम्म्याहून जास्त भांडण एकच आहे, माझी पंधराशे तुझी हजार, माझी डिझेल तुझी पेट्रोल, माझे पीएस (पॉवर मोजायचं माप) जास्त मग तुझी पुढे कशी गेली. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि फक्त इंजिनाचीच पत्रं घेतली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे, दोन ओळीत उरकला तर परत तेच पत्र पुढच्या महिन्यात येणार.

प्रश्न: सर नमस्कार, माझ्याकडे जुनी स्विफ्ट डिझेल आहे, १२४८ सीसी, ७५ पीएस. मेव्हण्याने २०२२ मध्ये स्विफ्ट पेट्रोल घेतली, ११९७ सीसी, ९० पीएस. पसरणी घाटात मी तिसऱ्या गिअरवर निवांत चढतो आणि त्याला सारखा दुसरा टाकावा लागतो. तरी म्हणतो माझं इंजिन ताकदवान, कागद बघा. खरं कोण? (वाचक, वाई)

उत्तर: दोघंही खरं बोलताय, फक्त वेगवेगळ्या आरपीएमबद्दल, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याबद्दल, बोलताय.

आधी सीसीचं बघू. सीसी म्हणजे पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो ती, गुणिले सिलिंडरची संख्या, बस. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ६९.६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा पल्ला) ८२ मिमी, चार सिलिंडर धरून हिशोब १२४८ वर येतो. मेव्हण्याचा बोअर ७३ आणि स्ट्रोक ७१.५, तिथे ११९७ येतात. म्हणजे जागा जवळपास सारखीच, पण आकार बघा, तुमचा पिस्टन बारीक आणि लांब पल्ल्याचा, त्याचा रुंद आणि आखूड पल्ल्याचा. आखूड पल्ल्याचं इंजिन वरच्या आरपीएमला आनंदाने फिरतं, लांब पल्ल्याचं खाली जोर लावतं. त्यात तुमच्याकडे टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, आहे आणि त्याच्याकडे नाही, हा सगळ्यात मोठा फरक.

आता टॉर्क आणि पॉवर. टॉर्क म्हणजे क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला) एका वेळेला किती जोराचा पीळ बसतो, आणि पॉवर म्हणजे तोच पीळ मिनिटाला किती वेळा बसतो त्याचा गुणाकार. सूत्र लिहून ठेवा, टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा आणि ७०२४ ने भागा, पीएस मिळतील. तुमच्या डिझेलला १९० न्यूटन मीटर टॉर्क २००० आरपीएमलाच मिळतो, म्हणजे तिथे ५४ पीएस तयार. मेव्हण्याच्या पेट्रोलचा सगळ्यात जास्त टॉर्क ११३, तोसुद्धा ४४०० ला, पण वादासाठी पूर्ण ११३ त्याला २००० लाच दिला असं धरलं तरी ३२ पीएस होतात. घाटात तुम्ही दोघं २००० वर असताना तुमच्या पायाखाली ५४ आहेत आणि त्याच्या ३२ पेक्षाही कमी, म्हणून त्याला गिअर पाडावा लागतो. त्याचे ९० पीएस खोटे नाहीत, ते ६००० आरपीएमला आहेत. त्याने दुसरा टाकून इंजिन पाच साडेपाच हजारापर्यंत ओरडू दिलं तर तो तुम्हाला मागे टाकेल, कारण तुमचं इंजिन ४००० ला ७५ देऊन थकतं. पण बायकोमुलं गाडीत असताना पाच हजारावर कोण घाट चढतो? म्हणून रोजच्या चालवण्यात तुमची गाडी जास्त दमदार वाटते आणि मोकळ्या रस्त्यावर सरळ रेषेत पळवलं तर त्याची पुढे जाते.

इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण डिझेलवाले दुसऱ्या टोकाला जातात आणि टॉर्क म्हणजेच सगळं म्हणायला लागतात. टॉर्क चाकापर्यंत जाताना गिअरबॉक्समधून वाढून जातो, सायकलवर चढाला हलका गिअर टाकल्यासारखं. पेट्रोल गाडीचे गिअर खालचे ठेवलेले असतात, डिझेलचे उंच, त्यामुळे १९० विरुद्ध ११३ एवढा फरक चाकावर राहत नाही. शेवटी एखाद्या वेगाला चाकावर पॉवर किती येतेय तेच गाडी ओढतं, आणि ती पॉवर कुठल्या आरपीएमला मिळते हा खरा प्रश्न.

पसरणीचं अजून एक. पाचगणी महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटरवर आहे, तिथे हवा दहा बारा टक्के विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच उतरते. टर्बो विरळ हवासुद्धा दाबून भरतो म्हणून तुम्हाला ते जाणवत नाही.

आणि तुमचं ते १२४८ सीसीचं, म्हणजे १.३ लिटरचं डिझेल जपा. फियाटचं हे मल्टिजेट इंजिन, मारुतीने मानेसरला बनवलं, फियाट आणि टाटाच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलं, स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, एवढ्या गाड्यांत बसलं की लोक त्याला नॅशनल इंजिन म्हणायला लागले. १ एप्रिल २०२० ला बीएस ६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम आले आणि मारुतीने डिझेलच बंद केलं, छोट्या गाडीत धूर साफ करायची यंत्रणा बसवायचा खर्च परवडेना. त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, पण चेन म्हणजे कायमची असं समजून ऑइल बदलायला उशीर केला की ती सैल पडते आणि थंड स्टार्टला खडखड ऐकू येते. तो आवाज आला तर त्याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न: दादा, मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळ्या छोट्या गाड्या ११९७, ११९९ सीसीवरच का थांबतात? आणि ९९८ सीसीचं टर्बो १२० पीएस कसं देतं, १२०० वालं ८३ च देतं तर? (वाचक, नाशिक)

उत्तर: पहिल्या प्रश्नाचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये नाही, टॅक्समध्ये आहे. २००६ च्या केंद्रीय बजेटमध्ये छोट्या गाडीची व्याख्या ठरली, लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० पर्यंत, आणि अशा गाडीला एक्साइज २४ वरून १६ टक्के केली. तेव्हापासून कंपन्या ही रेघ समोर ठेवून इंजिन बनवतात. डिकी कापलेल्या सेडान त्यातूनच आल्या. जीएसटी आल्यावरही रेघ तीच राहिली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर फरक आणखी स्पष्ट आहे, रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. आता तूच सांग, ४ मीटरच्या गाडीत कोण १३०० सीसीचं पेट्रोल बसवेल? मला हे मनापासून खटकतं, कारण १३००, १४०० सीसीचं साधं, टर्बो नसलेलं चार सिलिंडरचं इंजिन आपल्या रस्त्यांना फार छान बसलं असतं, पण कायद्याने ते मारून टाकलं.

आता दुसरा भाग. तू ज्या दोन इंजिनांबद्दल विचारतोयस ती ह्युंदाईच्या वेन्यूमध्ये एकाच गाडीत मिळायची म्हणून तुलना सोपी आहे. १.२ लिटर (१२०० सीसी) साधं, ८३ पीएस आणि ११४ न्यूटन मीटर. १.० टर्बो, १२० पीएस आणि १७२. इंजिनात ताकद सीसीने येत नाही, आत किती हवा गेली त्याने येते, कारण जेवढी हवा तेवढंच पेट्रोल जळणार. साधं इंजिन बाहेर जेवढा दाब आहे तेवढ्याच हवेवर जगतं. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर एक पंखा फिरतो, मिनिटाला एक लाखाच्या वर, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. दाबली की हवा तापते, म्हणून मध्ये ती थंड करणारा इंटरकूलर. म्हणजे ९९८ सीसीच्या सिलिंडरमध्ये दीडहजार सीसीहूनही जास्त हवा कोंबली जाते.

पण कागदावर बघ, १७२ चा टॉर्क १५०० ते ४००० च्या मध्ये आहे. १५०० च्या खाली टर्बो जागा झालेला नसतो आणि तेव्हा ते फक्त तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन असतं, वर एसी, वर पाच माणसं. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरवर निघताना जी गाडी क्षणभर मेल्यासारखी वाटते ती याच्यामुळे. शिवाय चार सिलिंडरमध्ये क्रँक १८० अंश फिरला की एक स्फोट होतो, तीनमध्ये २४० अंशांनी, म्हणून आयडलला (गाडी उभी आणि इंजिन चालू असताना) स्टिअरिंग थरथरतं. आणि १२० पीएस फुकट येत नाहीत, पाय दाबून चालवलीस की पेट्रोल त्याच हिशोबाने जातं. टर्बोवाल्याने ऑइलमध्ये काटकसर अजिबात करायची नाही, लाखाने फिरणारा तो दांडा फक्त ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. एक्स्प्रेसवे जोरात मारून फूड मॉलला थांबलास तर लगेच चावी फिरवू नको, मिनिटभर आयडलला राहू दे.

प्रश्न: आम्ही ऊसवाले, इथेनॉलला आमचा विरोध नाही, पण २०१४ ची पेट्रोल गाडी आहे आणि इ२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलंय. गॅरेजवाला म्हणतो मनाचे खेळ. गाडी खराब होईल का? (वाचक, कागल)

उत्तर: मनाचे खेळ नाहीत. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास ७ टक्क्यांनी कमी, आणि आधी जे दहा टक्के मिसळलेलं मिळत होतं त्याच्यापेक्षा साडेतीन टक्क्यांनी कमी. नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात स्वतःच लिहिलंय की ज्या चारचाकी मूळ साध्या पेट्रोलसाठी बनल्या आणि दहा टक्क्यांसाठी ट्यून केल्या, त्यांचं मायलेज इ२० वर ६ ते ७ टक्के उतरेल. म्हणजे १५ देणारी गाडी १४ वर येणार. तुमची १५ ची ११ वर आली असेल तर मात्र दोष इथेनॉलला देऊ नका, स्पार्क प्लग, एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि टायरची हवा बघा.

इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, त्यामुळे इंजिन ठोकणार वगैरे भीती नको. काळजी आहे ती रबराची आणि पाण्याची. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत इ२० ला चालणारे होज आणि सील आहेत, २०१४ च्या गाडीत ते असतीलच असं नाही. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, कडक करतं. त्यामुळे इंधनाचे होज, इंजेक्टरच्या ओ रिंग आणि टाकीच्या झाकणाचं रबर दर सर्व्हिसिंगला हाताने चेक करायला सांगा, पेट्रोलचा वास आला की लगेच थांबा. दुसरं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिना दीड महिना उभी ठेवायची सवय सोडा आणि उभी ठेवायचीच असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत ओली हवा जास्त मावते.

माझं मत विचारलं नाहीत पण सांगतो. उसाला बाजार मिळतोय, कारखान्यांचे पैसे लवकर सुटतायत, परकीय चलन वाचतंय, हे सगळं मान्य. पण ज्याची गाडी जुनी आहे त्याला पंपावर दहा टक्केवालं इंधन निवडायची सोय असायला पाहिजे होती. गाडी घेताना जे इंधन पुस्तकात लिहिलं होतं तेच ग्राहकाला मिळत नसेल तर त्याने तक्रार करणं चूक नाही.

प्रश्न: मी रोज चिंचवड ते खराडी जाऊन येऊन साधारण ४० किलोमीटर करते. नवीन स्विफ्ट सीएनजी ३२ देते आणि पेट्रोल २४, तर सीएनजीच घ्यावी का? भाऊ म्हणतो दम नसतो. (वाचक, चिंचवड)

उत्तर: ताई, एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. ३२.८५ हा आकडा किलोला आहे आणि २४.८० लिटरला, त्यामुळे सरळ तुलना होत नाही. एक किलो सीएनजीमध्ये ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट असते, म्हणून आकडा मोठा दिसतो. तुमच्या कामाची तुलना फक्त रुपये प्रति किलोमीटर. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि ट्रॅफिकमध्ये गाडी १७ देते, तर किलोमीटरला ६ रुपये १८ पैसे. सीएनजी समजा ९० आणि किलोला २४ मिळाले तर ३ रुपये ७५ पैसे. वाचले २ रुपये ४३ पैसे. सीएनजी गाडी ९५ हजारांनी महाग धरली तर साधारण ३९ हजार किलोमीटरला पैसे वसूल. वर्षाला ३०० दिवस ४० किलोमीटर म्हणजे १२ हजार, म्हणजे सव्वातीन वर्षं. त्या दिवशीचे भाव टाकून हा हिशोब स्वतः परत करा. चार पाच वर्षांच्या वर गाडी ठेवणार असाल तर घ्या, दोन वर्षांत विकणार असाल तर नको.

भाऊ अर्धा बरोबर आहे. पेट्रोलवर तीच गाडी ८२ पीएस देते आणि सीएनजीवर ७०, टॉर्क ११२ वरून १०२. कारण गॅस स्वतःच जागा व्यापतो, तेवढी हवा आत कमी जाते. शहरात हे तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही. चार माणसं, सामान आणि ताम्हिणी असेल तेव्हा घाटाच्या पायथ्याला पेट्रोलवर टाका आणि वर गेल्यावर परत गॅसवर, त्यात गाडीचं काही बिघडत नाही. उलट आठवड्यातून थोडी पेट्रोलवर चालवावीच, इंजेक्टर मोकळे राहतात. डिकी जवळपास जाते हे धरून चला. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करायची आहे, ती चुकवू नका, आत दोनशे बारच्या दाबाचा गॅस असतो. आणि घेण्याआधी सकाळी ऑफिसच्या वेळेला तुमच्या रस्त्यावरच्या पंपाची रांग एकदा बघून या, हिशोबात ती कोणी धरत नाही.

प्रश्न: दीड लिटर डिझेल एसयूव्ही घेऊन वर्ष झालं. घर ते ऑफिस ८ किलोमीटर. महिन्याला एकदा तरी डीपीएफचा दिवा लागतो. गाडीत दोष आहे का? (वाचक, मडगाव)

उत्तर: गाडीत नाही, वापरात आहे. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी अडवणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल टाकून तिथलं तापमान सहाशे डिग्रीच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. त्यासाठी तिला सलग पंधरा वीस मिनिटं मोकळा रस्ता लागतो, आणि तुमचं तर इंजिन तापायच्या आधीच ऑफिस येतं. अर्धवट तुटलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा, ऑइलची पातळी खाली जायच्या ऐवजी वर चढत असेल तर ऑइल बदला, वाट बघू नका.

उपाय म्हणजे पंधरवड्यातून एकदा काणकोणच्या रस्त्याला अर्धा तास गाडी २००० आरपीएमच्या वर ठेवून चालवायची, दिवा लागला असेल तर तो विझेपर्यंत बंद करायची नाही. कोणी जाळी काढून टाकतो म्हणेल, त्याच्याकडे परत जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि तो काळा धूर तुमच्या मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जातो. पण खरं सांगायचं तर ८ किलोमीटरच्या वापराला बीएस ६ डिझेल घेऊच नये. डिझेल त्याच्यासाठी जो आठवड्याला दोनतीनशे किलोमीटर हायवे करतो, त्याला मी आजही डिझेलच सांगतो, २५० न्यूटन मीटर दोन हजाराच्या खाली मिळण्याची मजा दुसऱ्या कशात नाही.

प्रश्न: समृद्धीवर १२० ने क्रूझ लावून नागपूरला गेलो, छोटी टर्बो पेट्रोल एसयूव्ही, अ‍ॅव्हरेज ११. कंपनी १८ सांगते. फसवणूक नाही का ही? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: नाही. तो १८ चा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढतात, ठरवलेल्या वेगाच्या आलेखावर, त्यात एसी बंद असतो आणि सगळ्यात जास्त वेग ९० असतो, तोही थोडा वेळच. १२० त्या परीक्षेत येतच नाही.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० म्हणजे वेग दीडपट, विरोध सव्वादोनपट, आणि तो विरोध तोडायला लागणारी पॉवर जवळपास ३.४ पट. त्यात एसयूव्ही उंच, समोरून भिंतीसारखी हवा ढकलते. सेडान त्याच वेगाला कमी पिते ती इंजिन चांगलं म्हणून नव्हे, अंग बुटकं म्हणून. छोट्या टर्बोचं अजून एक दुखणं आहे, सतत भाराखाली राहिला की आतलं तापमान आवरायला कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडतो. मोठ्या इंजिनाला १२० म्हणजे निवांत चालणं, एक लिटरवाल्याला कष्ट. ज्यांचा बराचसा वापर समृद्धीसारख्या रस्त्यावर आहे त्यांना मी एक लिटर टर्बोपेक्षा दीड लिटर टर्बो किंवा डिझेल सांगतो ते याच्यासाठी. चाकणला बनणारं फोक्सवॅगन स्कोडाचं १.५ टीएसआय हे टर्बो पेट्रोल इंजिन तर हलक्या भाराला दोन सिलिंडर बंद करून दोनवरच चालतं.

पुढच्या वेळी १०० वर क्रूझ लावून बघा. हवेचा विरोध तीस टक्क्यांनी उतरतो आणि तीनशे किलोमीटरला फक्त अर्धा तास जास्त लागतो. निघायच्या आधी टायर थंड असताना हवा भरा आणि टायरच्या बाजूवर चार आकडी छाप असतो तो वाचा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा सात वर्षांचा टायर, खाचा कितीही शिल्लक असल्या तरी, तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास १२० ने पळवू नका. हे मी मायलेजपेक्षा जास्त कळकळीने सांगतोय.

प्रश्न: सर, १०० ऑक्टेन पेट्रोल टाकलं तर पिकअप वाढतो का? (वाचक, सोलापूर)

उत्तर: ऑक्टेन म्हणजे दाब सहन करायची ताकद, स्फोटाची ताकद नव्हे. ज्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते) जास्त आहे आणि ज्याच्या पुस्तकात वरचं ऑक्टेन सांगितलंय त्यालाच फायदा. साध्या १.२ ला काही होत नाही, त्या पैशात वेळेवर एअर फिल्टर बदला.

प्रश्न: भाऊ, माझी १.० टर्बो रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, १५० पीएस करून देतो म्हणतात. करू का? वय २३. (वाचक, पुणे)

उत्तर: नको करूस. इंजिन कदाचित सहन करेल, पण क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं १२० च्या हिशोबाने बसवलंय. कंपनीने राखून ठेवलेली जी सूट असते ती आपल्या उन्हाळ्यासाठी, आपल्या पेट्रोलसाठी आणि पाच माणसं घेऊन घाट चढण्यासाठी असते, रीमॅपवाला नेमकी तीच विकतो. वॉरंटी जाते, आणि अपघातात इन्शुरन्स कंपनीला कळलं तर क्लेम अडकतो. तेच पैसे चांगले टायर, ब्रेक पॅड आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवरच्या एखाद्या ट्रेनिंगमध्ये घाल. १२० पीएस पूर्ण वापरता येणारे ड्रायव्हर फार थोडे असतात.

प्रश्न: काका, आमच्याकडे तीन गाड्यांवर अडलंय, १.२ साधं पेट्रोल, १.० टर्बो, १.५ डिझेल. टेस्ट ड्राइव्ह तिन्हींची घेतली, तिन्ही छान वाटल्या. टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं बघायचं काय? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: छान वाटणारच, शोरूमवाला एकट्याला बसवून रिकाम्या रस्त्यावर नेतो. तू असं कर, घरची चार माणसं घेऊन जा, एसी फुल लाव आणि एखाद्या फ्लायओव्हरच्या चढाला गाडी मुद्दाम दुसऱ्या गिअरवर २० च्या वेगाला आण, मग हळू पाय दाब. डिझेल लगेच ओढेल, साधं १.२ सरळ पण हळू चढेल, टर्बो आधी थांबेल आणि मग एकदम झेपावेल. यातलं तुझ्या पायाला काय मानवतं ते तिथे कळतं. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० किती सेकंदात जाते ते शेजारच्याला मोबाइलवर मोजायला सांग, शून्य ते शंभर मोजू नको, सिंगल रस्त्यावर ट्रकच्या मागून बाहेर पडताना ४० ते ८० च कामाला येतं. क्लच जड आहे का ते ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं चालवल्याशिवाय कळत नाही, डिझेलचा बहुधा जडच लागतो आणि रोज कल्याण शिळ रोड करणाऱ्याच्या गुडघ्याला ते वर्षभरात कळतं. वर्षाचे किलोमीटर किती, हे तू लिहिलंच नाहीस. दहा हजारांच्या आत असतील तर १.२ घ्या आणि निवांत राहा, अधूनमधून घाट आणि भरलेली गाडी असेल तर टर्बो, वीस हजारांच्या वर आणि त्यात हायवे जास्त असेल तरच डिझेल, कारण आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के आहे आणि डिझेलला १३, ते दोन टक्के आणि गाडीची वरची किंमत भरून निघायला किलोमीटर पडावे लागतात.